अलगद

"अलगद," मी म्हणाले. "अजून अलगद. नुसती बोटांची टोकं लागली पाहिजेत."

जावईबापूंनी मान डोलावली, श्वास रोखला आणि भुंग्याच्या पाठीवरून मानेपासून कमरेपर्यंत अशी काही बोटं फिरवली की बघणाऱ्याला गहिवरून यावं. भुंगा विंचू चावल्यासारखा उसळला. किंचाळला, स्वतःच्याच मनगटाला कडकडून चावला आणि गादीवरून सरपटत जाऊन मोठ्या चेंडूमागे लपला.

"ताई, माझं काय चुकतंय?" त्यांनी विचारलं. हात अजून तसाच हवेत होता.

"काही नाही हो. अगदी बरोबर करताय. वेळ लागतो." एवढं बोलून मी पाठ फिरवली आणि झोपाळ्याची दोरी तपासल्यासारखं केलं, कारण मला हसू आवरेना.

आता हे सांगूनच टाकते. भुंग्याला अलगद हात चालत नाही. तुम्हाआम्हाला जो हात मायेचा वाटतो, तो त्याच्या कातडीला निखाऱ्यासारखा लागतो. शर्टाच्या कॉलरमागचं लेबल, कपाळावर आलेली बट, वाऱ्याने उडून दंडाला लागलेला पडदा, एवढ्यानेही तो कळवळतो. पण तेच दोन्ही तळव्यांनी घट्ट दाबा, खांदे धरून खाली रेटा, गादीत गुंडाळून वरून भार द्या, की पोरगं लोण्यासारखं मऊ होतं. गुंडाळण्याच्या खेळाला आम्ही वळकटी म्हणतो. भुंग्याला मोजके शब्द येतात, त्यातला एक 'वळ'. गादीच्या कडेवर आडवा होतो आणि हुकूम सोडतो, "वळ!" ऑटिझम असलेल्या सगळ्याच मुलांचं असं नसतं. काहींना दाब सोसत नाही, काहींना फक्त झोके हवे असतात, काहींना काहीच नको असतं. मी अंगाशी काम करणारी थेरपिस्ट आहे आणि दर मुलाचं अंग नव्याने शिकावं लागतं. पण भुंग्याचं अंग मला पाठ आहे. तो माझा भाचा आहे.

थोडक्यात, मी जावईबापूंना उलटं शिकवत होते. चुकून नाही, मुद्दाम. शनिवारमागून शनिवार.

तुम्ही म्हणाल, लाज नाही वाटत बाईला. म्हणा. आधी ऐकून तर घ्या.

जावईबापू म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. कागदोपत्री अजूनही नवराच. हे नाव मी त्यांना लग्नात कौतुकाने दिलं होतं, आता ते दातओठ खात घेते. भुंगा त्यांचा एकुलता एक मुलगा. दिवसभर गुणगुणत असतो म्हणून भुंगा. खूश असला की खालच्या पट्टीत, घरातला फ्रिज वाजतो तसा. बिनसणार असलं की सूर बारीक होत वर चढतो, आणि तेव्हा आमच्यासारख्यांनी कामाला लागायचं असतं. तो तीन वर्षांचा असताना डॉक्टरांनी निदान सांगितलं. जावईबापूंनी डॉक्टरांसमोरच माझ्या बहिणीला विचारलं, "तुमच्याकडे कुणी होतं का असं?" ते मी सोडून दिलं असतं. माणूस घाबरला की वाट्टेल ते बोलतो.

पण पुढे त्यांच्या ऑफिसची पार्टी झाली. कुटुंबासकट बोलावलं होतं, भुंग्याला सांभाळायला म्हणून मीही गेले होते. भुंगा टेबलाखाली शिरून गुणगुणत बसला. यांचे साहेब वाकून बघत म्हणाले, "अरे, हा कोण?"

जावईबापू हसले. म्हणाले, "हा ना? हा माझ्या मेव्हणीचा."

मी दोन पावलांवर पाण्याचा ग्लास घेऊन उभी. लग्न न केलेली मी. साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "गोड आहे हो तुमचा मुलगा." माझी बहीण शेजारीच होती, तिने हातातल्या कागदी प्लेटकडे बघायला सुरुवात केली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी साहेबांना 'थँक्यू' म्हणाले. वाकून भुंग्याला टेबलाखालून काढलं, कडेवर घेतलं आणि मनात म्हटलं, बरं, तर हा माझाच. तुझ्या तोंडाने दिलास, आता परत मागायला ये, मग बघते.

काही महिन्यांत यांनी दुसऱ्या गावी बदली मागून घेतली आणि काखा वर केल्या. बहीण चष्म्याच्या दुकानात लागली. मी माझं बिऱ्हाड त्यांच्या गल्लीत हलवलं. आणि अगदी मी म्हटलं होतं तसंच झालं. कित्येक वर्षांनी जावईबापू आले परत मागायला. केस पांढरे, आवाज मऊ. कोर्टात गेले. म्हणाले, मला दर रविवारी मुलगा माझ्याकडे हवा.

कोर्टाने ठरवलं की आधी काही शनिवार, मी काम करते त्या थेरपी केंद्रातच, मुलाच्या ओळखीच्या माणसासमोर, बापलेकांनी भेटायचं. मग कोर्टाच्या समुपदेशक बाई येऊन बघणार. मुलगा बापाजवळ शांत राहिला तर रविवार बापाला. नाही राहिला तर विषय संपला. केंद्राच्या मोठ्या बाईंनी माझं नाव सुचवलं. मी स्पष्ट सांगितलं, मुलाची मावशी आहे मी. समुपदेशक बाई म्हणाल्या, वडिलांची हरकत नसेल तर चालेल. आणि वडील काय म्हणाले असतील?

"ताई असतील तर मला धीर येईल."

माझी हरकत कशाला असेल? उट्टं काढायला माणसं आयुष्यभर संधी शोधत फिरतात. माझी संधी स्वतःच्या पायांनी चालत आली, बूट काढून गादीवर मांडी घालून बसली आणि मला म्हणाली, शिकवा.

मग शिकवलं. मी काही अडाणी सूड घेणारी नाही. खोट्यात खरं मिसळलं. अत्तर लावून येऊ नका म्हणाले, ते खरं होतं. घड्याळ काढून ठेवा, तेही खरं. एकदम मागून जाऊ नका, शंभर टक्के खरं. आणि त्यात हळूच तो एक शब्द सरकवला, अलगद. बिचाऱ्यांनी नखं कापली. हाताला क्रीम लावायला लागले. एकदा मला म्हणाले, "ताई, मी घरी उशीवर प्रॅक्टिस करतो. उशीला खळगा पडला नाही पाहिजे, असं ठरवलंय."

"वा! हेच हवंय," मी म्हणाले. खरं सांगते, त्या संध्याकाळी मला जेवण गोड लागलं.

मी स्वतः भुंग्याबरोबर काम करायचे तेव्हा त्यांना बाहेर पाठवायचे. तुम्ही असलात की तो बुजतो, म्हणायचे. ते मुकाट्याने बाहेर जायचे. बाहेरच्या बाकावर माझी बहीण बसलेली असायची, कारण भेटीच्या वेळी आईने आत यायचं नाही असा नियम होता. म्हणून हे तिथून लांब, जिन्यापाशी उभे राहायचे. बरी अद्दल घडतेय, असं मला वाटायचं.

एकदा त्यांनी विषय काढायचा प्रयत्न केला. "ताई, त्या पार्टीत मी जे बोललो..."

"कुठली पार्टी हो?" मी विचारलं.

माफी मागायचं समाधानही मी त्यांना मिळू देणार नव्हते. तेवढंही देणं लागत नव्हते मी.

एक शनिवार मात्र जरा निराळा गेला. जावईबापू गादीवर गुडघे उभे करून बसले होते. भुंगा खोलीभर फेऱ्या घालत होता, झोपाळ्याला धक्का, चेंडूला धक्का, खिडकीला धक्का. फिरता फिरता तो त्यांच्यासमोर थांबला. वळला. आणि खाली बसून आपली पाठ त्यांच्या नडग्यांवर रेटायला लागला. सगळा जोर लावून. माझ्याकडे तो असाच येतो. दाब हवा असला की पाठ घेऊन येतो, त्याची मागायची रीतच ती. बापाने नुसते पाय घट्ट रोवायचे होते. आणखी काही करायचं नव्हतं.

जावईबापूंनी घाबरून गुडघे मागे घेतले. त्याला लागू नये म्हणून, मी शिकवलं होतं म्हणून. भुंगा मागच्या मागे कलंडला. उठून बसला. त्याने एकदा त्या रिकाम्या जागेकडे बघितलं आणि पुन्हा फेऱ्या सुरू केल्या.

"चुकून जास्त दाब पडला असता," जावईबापू माझ्याकडे बघत म्हणाले.

मी भुंग्यासाठी सगळ्या जगाला आडवी जाईन. जिभेवर शब्द आले होते, अहो, धरा त्याला. पण मग ती पार्टी आठवली, ते हसू आठवलं, आणि कागदी प्लेटकडे बघणारी माझी बहीण आठवली. मी म्हणाले, "बरं झालं, मागे घेतलेत."

समुपदेशक बाई आल्या तो शनिवार. बारीक चणीच्या, चेहऱ्यावरून काही कळू न देणाऱ्या. त्यांनी भुंग्याच्या आईलाही आत बोलावून घेतलं, म्हणाल्या, आज दोघांसमोर बघू. बहीण भिंतीला टेकून उभी राहिली. दुकानातून थेट आली होती, गळ्यात दुकानाचं ओळखपत्र तसंच होतं. माझ्याकडे बघून जरा हसली. मीही हसले. मनात म्हटलं, आता बघच तू. आज तुझ्या अपमानाचा सगळा वचपा निघतोय.

भुंगा गादीवर पालथा पडून खालच्या पट्टीत वाजत होता. समुपदेशक बाई म्हणाल्या, "नेहमी करता तसंच करा. मी इथे नाहीच समजा."

जावईबापू समोरून आले, नियमाप्रमाणे. खाली बसले. त्यांनी हात भुंग्याच्या पाठीवर आणला, इतका अलगद की शर्टाची सुरकुतीसुद्धा हलली नाही. भुंग्याचा सूर चढला. जावईबापूंना वाटलं, जड झाला. त्यांनी हात आणखी हलका केला. सूर आणखी बारीक झाला, तारेसारखा. माझ्या अंगातला प्रत्येक स्नायू म्हणत होता, ऊठ, तुझं काम आहे हे. मी उठले नाही.

मग फुटलंच ते. असं मी कितीतरी महिन्यांत पाहिलं नव्हतं. भुंगा किंचाळत उठला, मनगट चावलं, केस उपटले, आणि भिंतीवर डोकं आपटायला लागला. जावईबापू "बाळा, बाळा" करत मागे धावले आणि पुन्हा त्याच बोटांनी त्याच्या गालाला हात लावला. भुंग्याने त्यांना ओरबाडलं. त्यांच्या गालावर रक्त आलं.

माझ्या आधी माझी बहीण पोचली. तिने भुंग्याला भिंतीपासून ओढलं, गादीवर आडवं पाडलं आणि स्वतःच त्याच्यावर पालथी पडली. दोन्ही हातांनी त्याला आवळून, हनुवटी त्याच्या खांद्यात रुतवून. तो ओरडत होता, ती बोलत नव्हती. हळूहळू आवाज खाली आला. मग नुसता श्वास. मग तिच्या पोटाखालून, दबलेला, फ्रिजचा सूर.

समुपदेशक बाईंनी वही मिटली. मग जावईबापूंना म्हणाल्या, "हे बघा, माझ्याच्याने आज 'हो' म्हणवणार नाही. चला, मोठ्या बाईंच्या खोलीत बोलू." गालाला रुमाल लावून ते त्यांच्यामागे गेले.

जिंकले मी. हे मी लपवणार नाही. छातीत असं काही भरून आलं, वाटलं आता बहीण उठेल आणि माझ्या गळ्यात पडेल.

ती उठली. भुंग्यावर जड गोधडी टाकली, तिच्या कडा खाली खोचल्या. माझ्याकडे न बघताच विचारलं, "त्यांना अलगद कुणी सांगितलं?"

मी मोठा चेंडू ढकलून कोपऱ्यात लावला.

"ताई. मी तुला विचारतेय."

"मी सांगितलं."

"का?"

"का म्हणून काय विचारतेस?" माझा आवाज चढला. "विसरलीस तू? स्वतःचा पोरगा माझ्या नावावर खपवला त्याने, चारचौघांत, तुझ्या तोंडावर! आणि मग हात झटकून गेला. तू रात्रंदिवस राबलीस, तुझी हाडं उरली नुसती, आणि आता हा येणार आणि आयता..."

"तो अपमान माझा होता," ती म्हणाली. "वचपा काढायचा की नाही, ते मला विचारायचंस."

"मग काढ ना! तू मूग गिळून बसतेस म्हणून मला..."

"मला वचपा नकोय. मला रविवार हवाय."

मला कळेना. "रविवार? कसला रविवार?"

"ते त्याला घेऊन जातील तो रविवार. घरात कुणी नाही. मी दार लावून झोपेन, नाहीतर जागी राहीन, नाहीतर नुसती भिंतीकडे बघत बसेन. मला वाटत होतं, जमतंय त्यांचं. तू सांगायचीस, वेळ लागतो म्हणून. मी वाट बघत होते, ताई."

"अगं, मी आहे ना! रविवारी मी येतेच की तुझ्याकडे. मला सांगायचंस!"

"तू येतेस. आलीस की मी तुझ्यासाठी चहा टाकते. तू मला दाखवतेस, मी त्याला कसं चुकीचं धरते ते. मग आपण दोघी मिळून त्यांना शिव्या देतो. संध्याकाळ होते." तिच्या आवाजात राग नव्हता, तेच मला झोंबलं. "घर रिकामं होत नाही गं."

तोंडात मारल्यासारखी मी उभी राहिले. एवढी वर्षं मी समजत होते की आपण हिची बाजू लढतोय.

जावईबापू दारात आले. बूट घ्यायला आले होते. गालावरचं रक्त सुकलं होतं. गोधडीखालच्या भुंग्याकडे बघून मग मला म्हणाले, "ताई, थँक्यू. तुम्ही मनापासून शिकवलंत. माझ्याच हातात नाही ते. बाई निघाल्यात, नाही म्हणून कळवणार आहेत."

आता बहीण सांगणार, असं मला वाटलं. सांगायलाच हवं होतं तिने. मी खाली मान घातली नाही, समोर बघत राहिले. काय व्हायचं ते होऊ दे. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"थांबा," ती त्यांना म्हणाली. "इकडे या जरा."

ते आले. ती त्यांच्याकडे पाठ करून गादीवर मांडी घालून बसली. "बसा मागे. हात ठेवा माझ्या खांद्यांवर. दोन्ही."

"अगं, पण..."

"ठेवा हो." अजून 'अहो-जाहो' करते त्याला! माझ्या डोक्यात तिडीक गेली.

त्यांनी हात ठेवले. उशीवर ठेवत असतील तसे.

"असे नाही. तळवा टेकवा पूर्ण. आता जोर लावा, खाली. अजून."

"दुखेल तुला."

"नाही दुखत. मोडत नाही कुणी. अजून. अंगातलं सगळं वजन द्या. हां, आता धरून ठेवा. मी सांगेपर्यंत सोडू नका."

त्यांनी भार दिला. मी बघत होते. तिचे खांदे, जे कानांपर्यंत चढलेले असतात आणि मला वाटायचं ते तसेच आहेत जन्मापासून, ते हळूहळू खाली आले. मान पुढे झुकली. डोळे मिटले गेले. तोंडातून एक लांब श्वास बाहेर पडला आणि ती काही बोलेचना. सोडा म्हणेना.

दिवसभर मी दुसऱ्यांची पोरं दाबते. कुणाचे खांदे, कुणाच्या पाठी, कुणाचे तळवे. माझ्या बहिणीच्या खांद्यांवर मी कधी हात ठेवला होता, ते आठवायचा मी प्रयत्न केला. आठवेना. त्या माणसावरचा माझा राग गेला नव्हता, आजही गेलेला नाही. त्याचे हात तिच्या अंगावर बघून माझ्या मुठी वळल्या होत्या. पण तिचा चेहरा मला दिसत होता.

"कळलं?" डोळे न उघडता तिने विचारलं.

"कळलं," ते म्हणाले.

"आता हेच त्याला करायचंय. तो उठला की." मग तशीच, खांद्यांवर भार घेऊन, ती मला म्हणाली, "ताई, त्या बाईंना थांबव."

मी जागची हलले नाही. भुंगा गोधडीखाली गुणगुणत होता.

"ताई."

मी बाहेर गेले. समुपदेशक बाई जिन्यापाशी वाकून बुटाची नाडी बांधत होत्या. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"जरा थांबता का?" मी म्हणाले. "त्यांना चुकीचं शिकवलं गेलंय. पुन्हा एकदा बघायचंय."

बाईंनी वर बघितलं. "कुणी शिकवलं?"

"मी," मी म्हणाले, आणि त्यांची पिशवी धरायला हात पुढे केला.